‘शांतता राखा’ : भिंतीवरच्या एका चित्राची समीक्षा

सरकारी दवाखान्यात ज्यानं कधी पाय ठेवला त्यानं ते चित्र पाहिलेलं आहे. पांढरी टोपी, पांढरा ड्रेस, गोरी कातडी, कोरलेल्या भुवया आणि ओठांवर एक बोट. खाली दोन शब्द : शांतता राखा. आता बऱ्याच ठिकाणी ते चित्र निघालं, त्या जागी पुढाऱ्यांचे फ्लेक्स आले. पण चित्रानं दिलेला हुकूम भिंतीवरून उतरलेला नाही.

मित्रांनो, आपल्याकडं कवितेची समीक्षा होते, आत्मकथनाची होते, नाटकाची होते. भिंतीवरच्या चित्राची कुणी करत नाही. मी सूतगिरणीतला कामगार. समीक्षा कॉलेजात शिकलेलो नाही. मला वाटतं, आपली माणसं जे सगळ्यात जास्त वाचतात त्याची समीक्षा आधी व्हायला पाहिजे. जवळा बाजारला बाजार करायला येणारी आमची बाई कवितासंग्रह विकत घेत नाही. पण दवाखान्याच्या बाकड्यावर बसून ती ही भिंत तीन-तीन तास वाचते. अक्षर येत नसलं तरी ओठांवरचं बोट तिला वाचता येतं.

तर पहिला सवाल. शांतता कुणी राखायची? साहेब राउंडला येतात तेव्हा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात बाईचा आजार सांगतात. सिस्टर ह्या टोकाहून त्या टोकाला ओरडते. वॉर्डबॉय स्ट्रेचर आपटतो. पुढारी आला की मागं पन्नास जण बूट वाजवीत येतात. ह्यांतल्या कुणालाही ते बोट दिसत नाही. ते दिसतं फक्त खाटेवरच्याला.

त्याच भिंतीवर दुसरी पाटी असते. महाराष्ट्रात २०१० साली कायदा झाला. डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी यांच्यावर हल्ला केला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. कायदा चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. कामाच्या जागी कामगाराला मार बसू नये, हे गिरणीत राबणाऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. पण तिच्या शेजारी आणखी एक पाटी पाहिजे होती. पेशंटला मारलं, शिवी दिली, उघडंनागडं ठेवलं, तर काय? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात १७ हक्क आहेत. ती सनद आपल्या गावच्या दवाखान्यात कुठल्या भिंतीवर आहे, ते प्रत्येकानं जाऊन पाहावं.

हे चित्र एकटं नाही. त्याच्यामागं पांढरपेशांचं साहित्य आणि सिनेमा उभा आहे. तिथं परिचारिका येते ती बहुतेक देवी होऊन. १९६९ चा ‘खामोशी’ घ्या. दिग्दर्शक असित सेन, नर्स झालेली वहिदा रहमान. मनोरुग्णाला बरं करण्यासाठी मोठा डॉक्टर तिला प्रेमाचं नाटक करायला लावतो. ती खरंच जीव लावून बसते. दुसऱ्या पेशंटवर पुन्हा तेच. शेवटी तिचंच डोकं फिरतं आणि ती त्याच दवाखान्यात पेशंट होते. सिनेमा चांगला आहे, वहिदाचं काम डोळ्यापुढून हलत नाही. पण बघा, त्या डॉक्टरला हिशेब कुणी विचारत नाही. त्यागाच्या आरतीत तो सुटून जातो. आणि ज्यांच्यासाठी ती झिजते ते बऱ्या घरचे पुरुष. जमिनीवर चटई टाकून झोपलेला जनरल वॉर्डातला पेशंट तिथं नाही.

बाईला देवी म्हटलं की दोन गोष्टी होतात. देवीला ड्युटीचे तास, पगार, सुट्टी विचारायची नसते. आणि देवीविरुद्ध तक्रार करायची नसते. पहिल्या गोष्टीत परिचारिका भरडली जाते, दुसरीत पेशंट. फायदा तिसऱ्याचाच होतो.

आता वॉर्डात येऊ. आमच्या वहिनीचं पहिलं बाळंतपण एका सरकारी दवाखान्यात झालं. दवाखान्याचं नाव घालत नाही. नाव घातलं की तो एका दवाखान्याचा दोष होतो आणि बाकीचे हात झटकतात. रात्री कळा सुरू झाल्या. आईला दाराबाहेर बसवलं. आतून वहिनीचं ओरडणं आणि मग सिस्टरचा आवाज, ‘तवा बरं वाटलं, आता कशाला बोंबलतीस?’ मग मांडीवर चापट मारल्याचा आवाज. मग पुन्हा, ‘तुमच्या लोकायला दरसाल यायला काय लागतंय?’ वहिनी पहिलटकरीण होती. दरसाल कुठून येणार? पण ‘तुमच्या लोकायला’ म्हटलं की केसपेपर वाचायची गरज राहत नाही. पहाटे मुलगी झाली. आयानं खुशाली मागितली. मुलगा असता तर पाचशे, मुलगी म्हणून तीनशे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे, सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला एक पैसा लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आईनं लुगड्याच्या गाठीतून पैसे काढले.

घरी आल्यावर मी म्हणालो, तक्रार करू. वहिनी म्हणाली, ‘भाऊजी, कुणाला काय सांगू नका. पुढच्या येळंला बी तिथंच जायाचंय.’

दोस्तहो, हे वाक्य तुमच्याही घरात बोललं गेलेलं असणार. ज्याला दुसरा दवाखाना नाही त्याची तक्रार अशी गिळली जाते. पैसेवाला दवाखाना बदलतो. आपण फक्त खाट बदलून मागू शकतो, तीही मिळाली तर.

ह्यावर एक उत्तर नेहमी मिळतं. परिचारिका कमी आहेत, कामाचा ताण आहे, माणूस चिडतो. हे उत्तर मी उडवून लावत नाही, कारण अर्धं खरं आहे. एका रात्रपाळीला एक सिस्टर आणि खाटांवर, खाटांखाली मिळून साठ पेशंट, हे आपण डोळ्यांनी पाहतो. मी रिंगखात्यात काम करतो. एका माणसाला झेपतील त्याच्या दुप्पट साचे दिले तर काय होतं ते मला माहीत आहे. तुटलेला धागा जोडायला उशीर होतो. सूत वाया जातं. मुकादम शिव्या घालतो. पण ताणानं कामगार एखादाच धागा निवडून तोडत नाही.

वॉर्डात निवड होते. त्याच रात्री, त्याच सिस्टरकडून, सरपंचाच्या सुनेला ‘बाळा, जरा कळ काढ’ आणि आमच्या वहिनीला ‘बोंबलतीस कशाला’. ताण दोघींच्या वेळेला तेवढाच होता. ताणानं उशीर होईल, विसर पडेल, एखादं इंजेक्शन चुकेल. कुणाला चापट मारायची आणि कुणाला बाळा म्हणायचं, हे ताण शिकवत नाही. ते आधीच शिकून आलेलं असतं. म्हणून ‘जागा भरा’ ही मागणी करायचीच, पण जागा भरल्या की अपमान संपेल, ह्या भ्रमात राहायचं नाही.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये एक हकीकत नोंदवली आहे. १९२९ सालची. काठेवाडातला एक अस्पृश्य शिक्षक, त्याची बायको ओली बाळंतीण, आजारी पडलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावच्या बड्या माणसांना मध्ये घातलं, दोन रुपये फी ठरली, बाईला वस्तीच्या बाहेर आणलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला. त्यानं नवऱ्याला दिला, नवऱ्यानं बायकोला लावला आणि तसाच परत पाठवला. बाई वाचली नाही.

आज सिस्टर थर्मामीटर आपल्या हातानं लावते. हा बदल आभाळातून पडलेला नाही. त्याच्यामागं आपल्या बापजाद्यांची लढाई आहे. दलित-आदिवासींना दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला अडवणं हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनं गुन्हा ठरला. आणि ‘दवाखान्यापरीस घरचं बाळंतपण बरं’ म्हणणाऱ्यांनी बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमचं’ पुन्हा वाचावं. महारवाड्यातली उपाशी बाळंतीण आणि अडाणी सुईणींच्या हाती झालेले तिचे हाल त्यात आहेत. दवाखाना हा आपण मिळवलेला हक्क आहे. तो सोडायचा नाही. पण न शिवण्याचा जमाना मागं पडला म्हणजे काम संपलं असं नाही. आता शिवतात. कसं शिवतात, हा पुढचा सवाल आहे.

इथं एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. रक्त, पू, गू-मूत हाताळायचं काम म्हणून परिचर्येला वरच्या जातींनी फार काळ हलकं मानलं. सुरुवातीला मिशनच्या दवाखान्यांतून ख्रिस्ती मुली, विधवा, घरानं टाकलेल्या बायका हे काम शिकल्या. पुढं आपल्याही मुली शिकून, आरक्षणातून ह्या पेशात आल्या. त्याचा आपल्याला अभिमान आहे. म्हणूनच ‘नर्स सवर्ण, पेशंट दलित’ इतकं सोपं गणित मांडता येत नाही. कधी चापट मारणारा हात आपल्याच वस्तीतला असतो. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते ह्यासाठीच. वॉर्डात ती पायरीपायरीनं दिसते. वर साहेब, त्याखाली सिस्टर, त्याखाली मावशी आणि वॉर्डबॉय, त्याखाली झाडूवाला, आणि सगळ्यांच्या खाली खाटेवरचं माणूस. साहेबानं सिस्टरला चारचौघांत झापलं की ते खाली उतरत उतरत खाटेपर्यंत येतं. खाटेवरच्याच्या खाली कुणी नाही. तिनं अपमान कुठं टाकायचा?

आपल्या समाजातली सिस्टर म्हणून तिला झाकायचं नाही, आणि आपल्या समाजातली म्हणून तिला दुप्पट झोडायचंही नाही. मोजमाप एकच ठेवायचं.

ज्याच्याजवळ बसायला कुणी नाही त्याचं काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुली-बायांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांच्या गर्भपिशव्या काढल्या. कारण काय दिलं? पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता राखता येत नाही. म्हणजे सांभाळणाऱ्यांची गैरसोय होते. सांभाळणाऱ्याच्या सोयीसाठी सांभाळलेल्या बाईचं शरीर कापायचं. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते रस्त्यावर आले तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना ‘आम्हाला नको’ असं म्हणता येत नव्हतं. त्यांना शांतता राखा असं सांगायचीसुद्धा गरज नव्हती.

जून २०२०, कोरोनाचा काळ. जळगावच्या शासकीय रुग्णालयात दाखल असलेली ८२ वर्षांची म्हातारी बाई खाटेवरून नाहीशी झाली. आठ दिवसांनी, १० जूनला, तिचं प्रेत त्याच रुग्णालयाच्या संडासात सापडलं. अधिष्ठात्यासह काही जणांना निलंबित केलं. पण आठ दिवसांत किती पाळ्या बदलल्या असतील ते मोजा. प्रत्येक पाळीला चार्ज देताना आणि घेताना पेशंट मोजायचे असतात. गिरणीत पाळी बदलताना आम्ही बॉबिनसुद्धा मोजून देतो. नातेवाइकांना आत यायला बंदी होती, म्हणजे ओरडणारं बाहेर होतं. आतमध्ये तेवढी शांतता पुरली.

आणि आपल्याच भागातली गोष्ट. जवळा बाजारचा, औंढ्याचा, वसमतचा पेशंट हाताबाहेर गेला की ‘रेफर’ होतो. परभणीला, नाहीतर नांदेडला विष्णुपुरीला, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात. तिथं ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ ह्या २४ तासांत २४ पेशंट दगावले. त्यांतली १२ नुकती जन्मलेली बाळं. पुढच्या दिवसात आकडा ३१ वर गेला. औषधांची टंचाई, रिकाम्या जागा, मंजूर खाटांपेक्षा कितीतरी जास्त पेशंट, हे सगळं छापून आलं. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. पण लोकांच्या ध्यानात काय राहिलं? ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथं गेले आणि त्यांनी आदिवासी समाजातून आलेल्या अधिष्ठात्याला कॅमेऱ्यासमोर घाण संडास साफ करायला लावला. त्यावरून ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला.

ती चित्रफीत मी समीक्षकाच्या नजरेनं पुन्हा पाहिली. त्या फ्रेममध्ये एकही मेलेलं बाळ नाही, एकही बाळंतीण नाही, रात्रपाळीची सिस्टर नाही. आहे तो संडास, आणि कुणाच्या हाती झाडू द्यायचा ह्याचा शेकडो वर्षांचा जुना निवाडा. हिशेब मागायला आलेल्या माणसानं जातीची शिडीच पुन्हा उभी केली. अधिष्ठाता दोषी असेल तर चौकशी करा, कोर्टात उभा करा. संडास धुवायला लावल्यानं कुठल्या आईला न्याय मिळाला? दुसऱ्या दिवसापासून चर्चा संडासाची झाली. त्या रात्री किती बाळांमागं एक परिचारिका होती, हा सवाल मागं पडला.

दुसरीही एक रीत आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. मोठे साहेब निलंबित झाले. पोलिसांत गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. हयगय झाली असेल तर जबाब द्यावाच लागेल. पण आग विझवायची यंत्रणा बसवायचं काम सिस्टरच्या ड्युटीत लिहिलेलं नसतं. एरवी देवी, आणि घात झाला की गुन्हेगार. मधली जागा, कामगाराची, तिला कुणी द्यायला तयार नाही. ती जागा दिली तरच तिचे हक्क मागता येतील, आणि तिला जाबही विचारता येईल.

म्हणजे चांगली शुश्रूषा होतच नाही का? होते. परळचं केईएम रुग्णालय गिरणगावातलं. तिथली परिचारिका अरुणा शानभाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर अत्याचार केला, साखळीनं गळा आवळला. मेंदू गेला. १८ मे २०१५ ला ती वारली. ४२ वर्षं तिथल्या परिचारिकांनी पिढ्या बदलत तिला भरवलं, धुतलं-पुसलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं नोंदवून ठेवलं की इतक्या वर्षांत तिच्या अंगाला एकही बेडसोर झाला नाही. महापालिकेनं तिला हलवायचं ठरवलं तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून ते हाणून पाडलं. हल्ला करणारा कुठल्या जातीचा होता म्हणून आपण तो गुन्हा लहान करायचा नाही, आणि दुसऱ्या कुणी त्याच्या जातीवर ढकलायचाही नाही.

मला त्यातून दुसरंच दिसतं. तेही महापालिकेचं रुग्णालय, तीच गर्दी, तोच ताण. तिथं एक बोलता न येणारी बाई ४२ वर्षं जखमेशिवाय राहिली, कारण ती ‘आपल्यातली’ होती. म्हणजे हात जाणते आहेत, वेळही काढता येतो. फक्त खाटेवरचं माणूस आपल्यातलं वाटलं पाहिजे. बाबासाहेब ज्याला बंधुता म्हणत होते ती वॉर्डात अशी दिसते. घटनेतला तो शब्द भाषणात म्हणायला सोपा आहे. रात्री तीन वाजता अनोळखी म्हातारीची घाण काढताना तो शब्द पाळायचा आहे.

आता आपल्या लोकांना दोन शब्द. आपल्या कवितेत आई उसाच्या फडात आहे, खाणीत आहे, फुटपाथवर आहे. वॉर्डातली आई फार थोडी आहे. वेदना, नकार, विद्रोह हे शब्द आपण घासून घासून गुळगुळीत केले. वहिनीनं गिळलेली तक्रार त्यांत कुठं बसते? जो कवी आहे त्यानं एक रात्र जनरल वॉर्डाच्या व्हरांड्यात काढावी आणि जे ऐकू येईल ते लिहावं, सजवू नये.

आणि जो कार्यकर्ता आहे त्यानं घोषणेआधी चार कामं करावीत. बाळंतिणीजवळ ओळखीची एक बाई बसू द्या, असं केंद्र सरकारनं २०१६ पासून सांगितलेलं आहे. दारात अडवलं तर हे सांगावं आणि बाईला आत बसवावं. तक्रार तोंडी करू नये. तारीख, वेळ, पाळी, काय शब्द वापरले ते जसेच्या तसे लिहावं आणि पोच घ्यावी. परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं असते, तिथंही तक्रार जाते. जातीवरून चारचौघांत बोललं असेल तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. आणि माहितीच्या अधिकारात आपल्या दवाखान्यात परिचारिकांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कंत्राटी किती, हे मागावं. ही तक्रार आणि ही माहिती एकाच फाइलीत ठेवावी. एक कागद सिस्टरला जाब विचारेल, दुसरा तिच्या वरच्यांना. दोन्ही कागद सोबत असले तर सिस्टरला कळेल की हे माझ्या पोटावर उठलेले नाहीत.

आपल्यातल्या ज्या मुली नर्सिंगला आहेत त्यांना आपल्या बैठकीला बोलवा. त्यांचं ऐका. मग त्यांनाच विचारा, बाई, तुमच्या वॉर्डात आमची म्हातारी एकटी आली तर तिला काय म्हणून हाक माराल? उत्तर मिळेपर्यंत बैठक उठवू नका.

जय भीम.